स्पोर्टिंग डायरेक्टर नेमायचाय? आधी खुर्ची आखा, माणूस नंतर शोधा

७ डिसेंबर २०२४ ला मँचेस्टर युनायटेड घरच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून २-३ अशी हरली. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती मात्र खेळाडूची नव्हती की कोचची नव्हती. क्लबचा स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे कोच आणि खेळाडू कोण हवेत ते बघणारा माणूस, डॅन ॲशवर्थ बाहेर पडत होता. याच माणसासाठी युनायटेडने फेब्रुवारीपासून न्यूकॅसलच्या दारात ठाण मांडलं होतं. न्यूकॅसलने त्याला पगार देऊन घरी बसवलं, भरपाईच्या आकड्यावरून महिनोन्‌महिने घासाघीस चालली आणि १ जुलैला तो एकदाचा रुजू झाला. आणायला चार महिन्यांहून जास्त गेले, टिकला पाच महिने. पुढे क्लबच्या हिशेबात कोच एरिक टेन हाग, त्याचे सहकारी आणि ॲशवर्थ यांना मोकळं करण्याचा खर्च लागला १ कोटी ४५ लाख पौंड.

ॲशवर्थ काही नवशिका नव्हता. वेस्ट ब्रॉम, मग इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनमध्ये सहा वर्षं, मग ब्रायटन, मग न्यूकॅसल. कागदावर याहून भक्कम उमेदवार शोधून सापडला नसता. पण तारखा बघा. टेन हागला ठेवायचं हे युनायटेडने जून २०२४ मध्ये ठरवलं, तेव्हा ॲशवर्थ घरीच होता. तो आला त्याच आठवड्यात टेन हागचा करार वाढवला गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस टेन हागला काढलं. ज्या खुर्चीचं पहिलं काम कोच निवडणं, त्या खुर्चीवर माणूस बसायच्या आत कोचचा निकाल लागलेला होता.

त्याच वर्षी, तासाभराच्या अंतरावर, लिव्हरपूलने उलटा क्रम धरला. युर्गन क्लॉपने जानेवारीत निघतो म्हणून सांगितलं. मार्चमध्ये मालकांनी मायकल एडवर्ड्सला फुटबॉलचा सर्वेसर्वा म्हणून परत आणलं, आठवड्याभरात बोर्नमथच्या रिचर्ड ह्यूजचं नाव स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून जाहीर झालं आणि कोच अर्ने स्लॉटची नेमणूक त्यानंतर, मे महिन्यात. पुढच्या हंगामात लिव्हरपूलने लीग जिंकली. एका हंगामावरून सिद्धांत मांडू नये हे मलाही कळतं. तरी कोण आधी आणि कोण नंतर, हे डोक्यात राहू द्या, कारण हा सगळा लेख त्याभोवतीच फिरणार आहे.

मी काही वर्षं एका क्लबच्या ऑफिसात करारांच्या फायली सांभाळल्या. टेबलाच्या त्या बाजूने जे दिसलं ते लिहितोय. तुम्ही एखाद्या क्लबच्या बोर्डावर नुकतेच आला असाल, मालकाने "जरा बघा हो, डायरेक्टर शोधायचाय" म्हणून काम गळ्यात टाकलं असेल, तर हे तुमच्यासाठी.

पायरी १: एका कागदावर सगळे निर्णय लिहा

उमेदवारांची यादी काढायची घाई सगळ्यांनाच असते. ती बाजूला ठेवा. एक कोरा कागद घ्या, आडवा धरा. डावीकडे क्लबात फुटबॉलचे जे जे निर्णय होतात ते लिहा: कोच नेमणं आणि काढणं, खेळाडू घेणं, विकणं, लोनवर (काही काळासाठी दुसऱ्या क्लबाकडे) पाठवणं, करार वाढवणं, पगाराची कमाल मर्यादा, अकादमीचा प्रमुख, डॉक्टर आणि फिजिओ, स्काउटची (खेळाडू हेरणाऱ्यांची) नेमणूक, महिला संघ. वर तीन रकाने करा: प्रस्ताव कोण मांडणार, नाही कोण म्हणू शकणार, सही कोण करणार. प्रत्येक चौकटीत एकच नाव. दोन नावं आली की समजा भांडणाची जागा सापडली.

आता कागदाची परीक्षा घ्या. जानेवारीचा शेवटचा दिवस, खेळाडू घ्यायची मुदत संपत आलेली. कोचला डावा बचावपटू हवाय, त्याचा पहिला पर्याय जखमी आहे. रात्री एक एजंट थेट मालकाला फोन करतो, एक नावाजलेला स्ट्रायकर स्वस्तात मिळतोय म्हणतो. दोघांपैकी एकाच्याच पगाराला जागा आहे. तुमच्या कागदावरून उत्तर मिळतं का? मिळत नसेल तर तो कागद अजून कच्चा आहे. मी पाहिलेल्या क्लबात असा प्रसंग आला तेव्हा स्ट्रायकर आला, कोच आठ दिवस कुणाशी बोलला नाही, आणि डायरेक्टरला बातमी कळली ड्रायव्हरकडून. विमानतळावर गाडी पाठवायची होती, म्हणून ड्रायव्हरला आधी ठाऊक.

कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांत हे काम कुणी ना कुणी बिनपगारी करतच असतो. कुठल्या पेठेतला पोरगा आणायचा, बाहेरचा खेळाडू कोण, त्याच्या राहण्या-जेवणाचं काय. त्याला कुणी डायरेक्टर म्हणत नाही, पण त्याचा शब्द कुठवर चालतो हे अख्ख्या पेठेला माहीत असतं. कोट्यवधींच्या क्लबांत नेमकं तेवढंच माहीत नसतं.

पदाच्या नावात अडकू नका. इंग्लंडमध्ये कुठे स्पोर्टिंग डायरेक्टर, कुठे टेक्निकल डायरेक्टर, कुठे डायरेक्टर ऑफ फुटबॉल. जर्मनीत बहुतेकदा दोन थर असतात: बायर्नमध्ये माक्स एबर्ल हा संचालक मंडळावरचा क्रीडाप्रमुख आणि ख्रिस्टोफ फ्रॉइंड त्याच्या खालचा स्पोर्टिंग डायरेक्टर. इटलीत या कामासाठी कोव्हरचानोला, तिथल्या फुटबॉल महासंघाच्या केंद्रात, रीतसर कोर्स करून परवाना घ्यावा लागतो. नाव काहीही ठेवा, चौकटी भरलेल्या हव्यात.

आणि चौकटी भरताना दोन माणसांना अर्धी अर्धी खुर्ची देऊ नका. बोरुसिया डॉर्टमुंडमध्ये सेबास्टियन केल स्पोर्टिंग डायरेक्टर असताना २०२४ मध्ये स्वेन मिस्लिन्टाटला टेक्निकल डायरेक्टर म्हणून आणलं. दोघंही जाणकार, दोघांचाही हात खेळाडू निवडण्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मिस्लिन्टाट बाहेर. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि जर्मन म्यान काही वेगळी नसते.

पायरी २: तुमच्या क्लबाला नेमकं दुखतंय कुठे

डायरेक्टर तीन-चार जातींचे असतात. कुणाचा हात विकण्यात आणि सौद्यात, कुणाचा खेळाडू हेरण्यात, कुणी अकादमीपासून पहिल्या संघापर्यंतची वाट बांधतो, कुणी भांडणं मिटवून घर शांत ठेवतो. सगळं एकाच माणसात मिळत नाही. तुमच्या क्लबाला सध्या यातलं काय हवंय ते आधी ठरवा.

मोंचीचं उदाहरण घ्या. रामोन रोद्रिगेझ व्हेर्देहो हे त्याचं खरं नाव. स्पेनमधल्या सेव्हिया क्लबाचा राखीव गोलकीपर होता. २००० साली सेव्हिया दुसऱ्या विभागात घसरलेली, तिजोरीत खडखडाट, तेव्हा त्याला या खुर्चीवर बसवलं. कमी ओळखीचे खेळाडू स्वस्तात घ्यायचे, घडवायचे, महाग विकायचे, हे त्याने इतकं पक्कं केलं की २००६ ते २०१६ या काळात सेव्हियाने युएफा कप, म्हणजेच पुढची युरोपा लीग, पाच वेळा जिंकली. दानी आल्व्हेस ब्राझीलच्या बाहियातून आला तो याच वाटेने, आणि २००८ मध्ये बार्सिलोनाला गेला.

मग २०१७ मध्ये मोंची इटलीतल्या रोमा क्लबात गेला. तोच माणूस, तीच नजर, तीच वही. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, मार्च २०१९ मध्ये परत. रोममध्ये मालक अमेरिकेत, चाहत्यांची अपेक्षा वेगळी, सालाह आणि ॲलिसनसारखी माणसं विकली की शहर पेटून उठायचं. सेव्हियात विकणं ही हुशारी होती, रोममध्ये तोच गुन्हा झाला. तो सेव्हियाला परतला आणि तिथे पुन्हा २०२० आणि २०२३ च्या युरोपा लीग आल्या. त्यामुळे कुणी तुमच्यासमोर एखाद्याचं नाव घेऊन "त्याने तिकडे काय केलं बघा" म्हणालं, की विचारा: तिकडे त्याला काय करायला सांगितलं होतं?

पायरी ३: घड्याळ लावा

खेळाडूंसाठी ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलायची ठराविक मुदत, असते; डायरेक्टरसाठी नसते. तो वर्षात कधीही येऊ शकतो. म्हणूनच वेळ चुकते. उन्हाळ्याच्या विंडोत मध्येच आलेला माणूस दुसऱ्याच्या यादीवर सह्या करतो आणि पुढे त्या सह्यांची जबाबदारी त्याच्या डोक्यावर येते. युरोपात शोध शरद ऋतूत सुरू करा, फेब्रुवारी-मार्चपर्यंत नाव पक्कं करा, म्हणजे उन्हाळ्याच्या विंडोआधी त्याला संघ पाहायला दोन-तीन महिने मिळतात.

मँचेस्टर सिटीने हे नीट केलं. चिकी बेगिरिस्ताइन २०१२ पासून तिथे होता. तो २०२५ च्या उन्हाळ्यात निघणार हे ठरलं आणि स्पोर्टिंग लिस्बनच्या ऊगो व्हियानाचं नाव ऑक्टोबर २०२४ मध्येच जाहीर झालं. जुना माणूस खुर्चीवर असतानाच नवा कोण ते सगळ्यांना माहीत, कुजबुजीला जागाच नाही.

सगळ्यांना अशी सोय मिळत नाही. आर्सेनलचा एडू नोव्हेंबर २०२४ मध्ये अचानक गेला. क्लबने घाईने कुणाला बसवलं नाही. जेसन एटो या आतल्या माणसाकडे तात्पुरती सूत्रं दिली. जानेवारीत स्ट्रायकर न घेतल्याबद्दल शिव्या खाल्ल्या, आणि मार्चच्या अखेरीस ॲटलेटिको माद्रिदमध्ये बारा वर्षं काढलेल्या आंद्रेआ बेर्ताला आणलं. जानेवारीतल्या शिव्या फुकट गेल्या असं मला वाटत नाही. तात्पुरत्या माणसाला एकच नियम घालून द्या: पाच वर्षांचे करार करायचे नाहीत, लोन चालेल.

बायर्नने मे २०२३ मध्ये ज्या दिवशी लीग जिंकली त्याच दिवशी हसन सालिहामिद्झिच आणि ऑलिव्हर कान यांना काढलं. पुढचा सगळा उन्हाळा क्लबातल्या ज्येष्ठांनी मिळून सौदे केले. हॅरी केन आला, हे खरं. बायर्नकडे असे ज्येष्ठ बसलेले असतात. तुमच्याकडे नसतील तर त्यांची नक्कल करू नका.

पायरी ४: नावं कुठून आणायची

या पदाच्या जाहिराती सहसा येत नाहीत. काही क्लब माणसं शोधून देणाऱ्या कंपन्यांना काम देतात. पैसे जातात, पण एक फायदा असतो: तुमचा क्लब चौकशी करतोय हे गावभर होत नाही. त्या कंपनीला पहिल्या पायरीतला कागद द्या. त्यांनी तो न वाचताच पाच नावं पाठवली तर दुसरी कंपनी बघा.

घरातला माणूस आहे का, हे मात्र आधी तपासा. ॲशवर्थ २०२२ मध्ये गेला तेव्हा ब्रायटनने डेव्हिड वीअरला बसवलं. वीअर लोनवर गेलेल्या खेळाडूंवर लक्ष ठेवायचा, म्हणजे क्लबाची पुढची फळी त्याला पाठ. डॉर्टमुंडमध्ये मिखाएल झोर्क १९९८ पासून खुर्चीवर होता, केल त्याच्या हाताखाली चार वर्षं शिकला आणि मग २०२२ मध्ये ती घेतली. घरचा माणूस स्वस्त पडतो, पण ज्यांच्याशी काल डब्यातलं वाटून खाल्लं त्यांना तो उद्या काढू शकेल का, हा प्रश्न त्याला तोंडावर विचारा.

बाहेरच्यांत पूर्वीचे मोठे खेळाडूच शोधायची सवय सोडा. मायकल एडवर्ड्स पोर्ट्समथमध्ये सामन्यांचं विश्लेषण करायचा. बेर्ता बँकेत नोकरी करत होता. इंडियन सुपर लीगमध्ये केरला ब्लास्टर्सने २०२० मध्ये आणला तो कारोलिस स्किन्किस, लिथुआनियातल्या सुदुवा क्लबातून. तिथे त्याचा संघ लागोपाठ तीन वेळा देशाची लीग जिंकला होता. लिथुआनियाची लीग आपल्याकडे किती जण बघत असतील?

कामाची पाहणी करताना हे करा, वेळ लागला तरी. उमेदवाराच्या मागच्या क्लबातल्या सहा विंडो घ्या. प्रत्येक विंडोत आलेल्या खेळाडूचं वय, किंमत, दोन वर्षांत खेळलेली मिनिटं, आणि शेवटी विकला गेला की करार संपून फुकट गेला, एवढं तक्त्यात भरा. फुकट गेलेल्यांचा रकाना सर्वात बोलका असतो. मग त्याला फोन करून विचारा: यातले तुमचे कोणते, कोचचे कोणते, मालकाचे कोणते? सगळे चांगले स्वतःच्या नावावर आणि सगळे फसलेले कोचच्या नावावर टाकणारा उमेदवार मी पाहिलाय. त्याचं बोलणं इतकं गोड होतं की आमच्या बोर्डाला तक्ता उघडायची गरजच वाटली नाही.

पायरी ५: मागचं तपासा

ही पायरी लोक उरकून टाकतात. टॉटनहॅमने २०२१ मध्ये फाबियो पाराटिचीला नेमलं. तो युव्हेंटसमधून आला. नंतर इटलीत युव्हेंटसच्या खेळाडू-सौद्यांच्या हिशेबांची चौकशी झाली, जानेवारी २०२३ मध्ये त्याच्यावर ३० महिन्यांची बंदी आली, मार्चमध्ये फिफाने ती जगभर लागू केली आणि एप्रिलमध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. नेमताना हे सगळं दिसलंच असतं असं नाही. म्हणून करारात एक कलम घाला: आधीच्या क्लबातल्या कामामुळे बंदी आली तर करार कसा संपेल, भरपाई मिळेल की नाही.

दुसरं प्रकरण वागण्याचं. नेदरलँड्समधल्या आयॅक्सचा मार्क ओव्हरमार्स हा युरोपातल्या यशस्वी डायरेक्टरांत मोजला जायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये महिला सहकाऱ्यांना अश्लाघ्य संदेश पाठवल्यावरून त्याला जावं लागलं. पुढच्याच महिन्यात बेल्जियमच्या अँटवर्पने त्याला नेमलं, आणि नंतर तो तिथे असतानाच डच क्रीडा शिस्तपालन संस्थेची बंदी आली, तीही फिफाने जगभर लागू केली. इथे तर सगळं आधीच उघड होतं.

संदर्भ म्हणून उमेदवार जी तीन नावं देतो त्यांना फोन करून काही हाती लागत नाही, ती त्याचीच माणसं. त्याच्या जुन्या क्लबातली किट सांभाळणारी व्यक्ती, अकादमीची सेक्रेटरी, प्रवासाची तिकिटं काढणारा, यांच्यापर्यंत पोचा. वरच्यांशी सगळेच बरे वागतात. आणि एक रोखठोक प्रश्न लेखी विचारा: घरातलं कुणी एजंट आहे का, कुठल्या एजन्सीत किंवा डेटा कंपनीत भागीदारी आहे का? उत्तर "हो" असलं म्हणून माणूस बाद होत नाही. लपवलं तर बाद.

पायरी ६: मुलाखत म्हणजे गप्पा नव्हेत

तीन माणसांहून जास्त जण समोर बसवू नका. कोचला उमेदवाराला भेटू द्या, पण मत देऊ देऊ नका. आपला साहेब आपणच निवडायचा, ही सोय कुठल्याच ऑफिसात नसते.

उमेदवाराला दोन दिवस आधी एक पाकीट पाठवा. त्यात नावं झाकलेली २५ खेळाडूंची यादी: वय, जागा, कराराची उरलेली वर्षं, पगार, मुळात दिलेली किंमत. सोबत क्लबाचं उत्पन्न. आणि प्रश्न एकच: तीन जण विकायचे आणि दोन घ्यायचे, कोण आणि का?

यात हिशेब येतोच. समजा ५ कोटी युरोला घेतलेला खेळाडू, करार ५ वर्षांचा. हिशेबात त्याची किंमत दर वर्षी १ कोटी अशी पसरते. पगार ६० लाख धरला तर क्लबाला तो वर्षाला १ कोटी ६० लाखांना पडतो. दोन वर्षांनी वहीत त्याची किंमत उरते ३ कोटी. कुणी अडीच कोटी देऊ करतोय. विकलात तर पैसे हातात येतात, पण हिशेबात ५० लाखांचा तोटा दिसतो. युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबाला २०२५-२६ पासून संघावरचा खर्च, म्हणजे पगार, ही पसरलेली किंमत आणि एजंटांची फी, उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसवावा लागतो. उमेदवार या आकड्यांपाशी अडखळतो का ते बघा. तो हिशेबनीस नसला तरी चालेल, पण हिशेबनीसाला काय विचारायचं ते त्याला कळलं पाहिजे.

बाकी प्रश्नांत माझा आवडता एकच: "कोचला तुम्ही शेवटचं नाही कधी म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी काय झालं?" इथे चांगला उमेदवार जरा थांबतो. वाईट उमेदवार "माझे सगळ्याच कोचशी उत्तम संबंध होते" म्हणतो.

पायरी ७: करार

तो दुसऱ्या क्लबात नोकरीला असेल तर त्याचा करार, नोटिशीची मुदत आणि त्या मुदतीत घरी बसवायची तरतूद हे आधी वकिलाला दाखवा. खेळाडूंच्या बदल्यांसाठी फिफाचे नियम आहेत, २०२१ पासून कोचच्या करारांसाठीही आहेत, डायरेक्टरसाठी तशी स्वतंत्र चौकट नाही. म्हणजे त्या त्या देशाचा नोकरीचा कायदा आणि समोरच्या क्लबाची मर्जी. न्यूकॅसलने ॲशवर्थला किती काळ अडवून धरलं ते वर आलंच. भरपाईचा आकडा ठरल्याशिवाय नाव जाहीर करू नका. नाव फुटलं की आकडा फुगतो.

पहिल्या पायरीतला कागद कराराला जोडा. हसू नका, खरंच परिशिष्ट म्हणून जोडा आणि मालकाची त्यावर सही घ्या. बोनस ठरवताना खरेदीच्या संख्येला किंवा निव्वळ विक्रीच्या नफ्याला बांधू नका, नाहीतर जे विकायला नको तेही विकलं जाईल. पहिल्या संघात अकादमीची किती पोरं खेळली, करार संपून किती जण फुकट गेले, अशा गोष्टी धरा.

आणि एक कलम जे मी माझ्या अनुभवावरून प्रत्येकाला सांगतो: क्लबाची माहिती क्लबाची. आमच्याकडे डायरेक्टर गेला तेव्हा स्काउटिंगचे सगळे अहवाल त्याच्या खाजगी लॅपटॉपवर आणि एजंटांचे नंबर त्याच्या फोनवर होते. चार वर्षांचं काम. आम्ही त्याच्याकडे मागितलं, त्याने सौजन्याने एक पेन ड्राइव्ह पाठवला. त्यात एकच फाइल होती: आमच्याच संघाच्या खेळाडूंच्या वाढदिवसांची यादी. विंडो तीन आठवड्यांवर आलेली. नव्या माणसाने पहिला महिना फोन नंबर गोळा करण्यात घालवला.

भारतातल्या क्लबासाठी आणखी एक कलम. लीगचा हंगाम लांबला किंवा झालाच नाही तर पगार आणि मुदत यांचं काय? अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला, आणि त्याआधीच २०२५-२६ चा हंगाम अडकून पडला. खेळाडू, कोच, डायरेक्टर सगळे वाट बघत बसले. तेव्हा ज्यांच्या करारात याबद्दल एक ओळ होती त्यांची रात्रीची झोप तरी शाबूत राहिली.

पायरी ८: पहिले शंभर दिवस

रुजू होण्याच्या दिवशी त्याच्या हाती काय द्यायचं? खोली, सगळ्या सॉफ्टवेअरचे पासवर्ड, चालू करारांची यादी मुदतीच्या क्रमाने, आणि कोचबरोबर दोघांचंच जेवण. पत्रकार परिषद नंतर.

पहिल्या सहा आठवड्यांत त्याने काही विकत घेतलं नाही तर घाबरू नका. सकाळी सराव बघेल, दुपारी स्काउटांबरोबर बसेल, संध्याकाळी अकादमीच्या मैदानावर उभा राहील. काहीच होत नाहीये असं बोर्डावरच्या एखाद्याला वाटेल. तुमचं काम त्या गृहस्थांना चहा पाजणं.

उलट काय होतं त्याचं उदाहरण आयॅक्स, २०२३. डॉर्टमुंडमध्ये पुढे ज्याची चकमक झाली तोच मिस्लिन्टाट मे मध्ये आला, कोच मॉरिस स्टाइन जूनमध्ये. एका उन्हाळ्यात दहा कोटी युरोंहून जास्त रक्कम खर्चून जवळपास अख्खा नवा संघ उभा केला. दोघांचं पटलं नाही. २४ सप्टेंबरला फेयेनोर्डविरुद्ध ०-३ असताना प्रेक्षकांनी मैदानात पेटत्या नळ्या फेकल्या, सामना थांबवावा लागला, आणि त्याच संध्याकाळी मिस्लिन्टाटला काढल्याची घोषणा झाली. क्लबने कारण दिलं ते असं की संस्थेत त्याला पुरेसा पाठिंबा उरला नव्हता. महिन्याभरात स्टाइनही गेला. चौकटी कुणी भरल्या होत्या, हे विचारायलाही कुणी मागे उरलं नाही.

पायरी ९: हिशेब कधी मागायचा

तारीख आधीच ठरवा आणि डायरीत लिहा: तिसरी विंडो बंद झाल्यानंतरचा पंधरवडा. पहिल्या विंडोत तो जुन्यांची यादी वापरतो, दुसऱ्यात आपली माणसं आणतो, तिसऱ्यात ती माणसं कशी निघाली ते कळतं. हरलेल्या सामन्यानंतरच्या सोमवारी ही बैठक कधीही बोलावू नका.

केरला ब्लास्टर्सचं काय झालं ते बघा. स्किन्किसच्या पहिल्या हंगामात, २०२०-२१ मध्ये, संघ ११ पैकी १० वा आला आणि कोच किबू विकुन्या हंगाम संपायच्या आतच गेला. चाहत्यांनी डायरेक्टरलाही सोबत पाठवा म्हणून ओरड केली असती तर नवल नव्हतं. पण क्लबने खुर्ची हलवली नाही. त्या उन्हाळ्यात सर्बियाचा इव्हान वुकोमानोविच कोच म्हणून आला, परदेशी खेळाडूंची फळी जवळपास सगळी नवी झाली, आणि २० मार्च २०२२ ला संघ मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये फायनलला उभा होता. केरळहून आलेल्या पिवळ्या जर्सींनी फातोर्डा भरून गेलं होतं. १-१ बरोबरी, मग पेनल्टीत हैदराबादने ३-१ ने कप नेला. दुसऱ्या दिवसापासून स्किन्किस पुढच्या विंडोच्या कामाला लागला.